हमी २०९० पर्यंत, सही कोणाची?

१ एप्रिल २०२५ च्या सकाळी अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या कार्यालयांबाहेर कर्मचाऱ्यांच्या रांगा लागल्या. ओळखपत्र यंत्राला लावायचे. दार उघडले तर नोकरी शाबूत, नाही उघडले तर गेली. खात्याची संख्या ८२ हजारांवरून ६२ हजारांवर आणणार आणि वर्षाला १८० कोटी डॉलर वाचवणार, अशी घोषणा मंत्री रॉबर्ट केनेडी (धाकटे) यांनी आदल्याच आठवड्यात केली होती. त्या दिवशी घरी पाठवलेल्यांत कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या ‘नायॉश’ या राष्ट्रीय संस्थेचे आठशेहून अधिक लोक होते. संस्थेचे संचालक डॉ. जॉन हॉवर्ड हेही त्यांतलेच.

हॉवर्ड यांच्याकडे आणखी एक जबाबदारी होती. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ढिगाऱ्यावर राबलेले अग्निशामक, पोलीस, मजूर आणि त्या परिसरात राहणारे, शिकणारे, नोकरी करणारे लोक, अशा १ लाख ३० हजारांहून अधिक माणसांच्या तपासण्या आणि उपचार ज्यातून होतात, त्या वर्ल्ड ट्रेड सेंटर आरोग्य कार्यक्रमाचे ते प्रशासक. या कार्यक्रमाला अमेरिकी काँग्रेसने २०९० पर्यंतची मुदत दिलेली आहे. म्हणजे हल्ल्याच्या दिवशी पाळण्यात असलेले मूल नव्वदीला टेकेपर्यंत. तो कायदा १ एप्रिलला जसाच्या तसा जागेवर होता. तो राबवणारे मात्र रस्त्यावर उभे होते.

हे प्रकरण २०२५ चे म्हणून पाहिले तर ट्रम्प सरकारच्या धसमुसळेपणाची आणखी एक गोष्ट एवढेच उरते. त्याची मुळे बरीच मागे, खुद्द वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जुळ्या मनोऱ्यांच्या बांधकामापर्यंत जातात. उत्तरेकडच्या मनोऱ्याचा पोलादी सांगाडा आगीपासून वाचावा म्हणून त्यावर ॲस्बेस्टॉस मिसळलेला लगदा फवारत होते. साधारण चाळिसाव्या मजल्यापर्यंत काम आले आणि फवारणी थांबली, कारण न्यूयॉर्क शहर तिच्यावर बंदी आणत होते. त्यामागे माउंट सिनाई रुग्णालयातल्या डॉ. आयर्व्हिंग सेलिकॉफ यांची चिकाटी होती. इमारतींना आवरण घालणाऱ्या कामगारांच्या संघटनेच्या जुन्या याद्या घेऊन कोण कधी कामाला लागले, कोण कशाने मेले, याचा हिशेब ते वर्षानुवर्षे मांडत बसले होते. कामगारांच्या सुरक्षेच्या ज्या कायद्यातून नायॉश जन्मली, त्यावर निक्सन यांची सही झाली ती १९७० च्या डिसेंबरात. मनोरे आणि त्यांच्या धुळीवर पुढे नजर ठेवणारी संस्था, दोन्ही एकाच काळातली.

मनोरे कोसळले तेव्हा काँक्रीट, जिप्सम, काच, शिसे आणि ते अर्धेमुर्धे ॲस्बेस्टॉस यांचे पीठ झाले. ढिगाऱ्याखालची आग डिसेंबरपर्यंत धुमसत होती. १७ सप्टेंबरला वॉल स्ट्रीटचा शेअर बाजार पुन्हा उघडला आणि १८ तारखेला पर्यावरण संरक्षण संस्थेच्या प्रमुख क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांनी हवा श्वास घेण्याजोगी असल्याचा निर्वाळा दिला. २००३ मध्ये त्याच संस्थेच्या महानिरीक्षकांनी लिहून ठेवले, की निवेदनांतली सावधगिरीची वाक्ये व्हाइट हाऊसच्या सल्ल्यावरून काढली गेली आणि दिलाशाची घातली गेली. सरकारने घाईने उच्चारलेल्या त्या एका वाक्याचे बिल हा आरोग्य कार्यक्रम आजही फेडतो आहे. जिथे सरकारनेच लोकांना परत धुळीत बोलावले, तिथे त्यांच्यावरच्या उपचारांना ‘कल्याणकारी खर्च’ म्हणणे मला पटत नाही. ते देणे आहे.

देणे आहे हे सिद्ध कोणी केले, हा भाग फारसा सांगितला जात नाही. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात हल्ल्याच्या काही वर्षे आधीपासून जवानांच्या फुप्फुसांची नियमित मोजणी होत असे. नळीत फुंकायचे, आकडा लिहायचा, पुढच्याला बोलवायचे. कंटाळवाणे काम. पण त्यामुळेच दलाचे वैद्यकीय अधिकारी डॉ. डेव्हिड प्रेझंट आणि त्यांचे सहकारी ठामपणे सांगू शकले, की ढिगाऱ्यावर गेलेल्या जवानांच्या श्वासाची ताकद पहिल्या एकाच वर्षात इतकी घटली, जितकी एरवी वय वाढताना बारा वर्षांत घटते. सात वर्षांनी पुन्हा मोजले, तेव्हाही बहुतेकांची ती भरून आलेली नव्हती. आधीचे आकडे नसते तर हा खोकला सिगारेटचा, तो वयाचा, म्हणून वाटेला लावता आला असता. तसा प्रयत्न झालाही. ढिगाऱ्यावर शेकडो तास काम केलेला पोलीस गुप्तहेर जेम्स झाड्रोगा २००६ च्या जानेवारीत चौतिसाव्या वर्षी गेला. न्यू जर्सीतल्या शवविच्छेदनाने मृत्यूचा संबंध धुळीशी जोडला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क शहराच्या मुख्य वैद्यकीय परीक्षकांनी तो नाकारला.

आरोग्य कार्यक्रमाच्या कायद्याला शेवटी झाड्रोगाचेच नाव मिळाले, पण सहजी नाही. जुलै २०१० मध्ये विधेयक प्रतिनिधिगृहात २५५ विरुद्ध १५९ मते मिळवूनही पडले, कारण ज्या झटपट पद्धतीने ते मांडले होते, तीत दोन तृतीयांश मते लागत होती. डिसेंबरात सिनेटमध्ये अडले, जॉन स्ट्युअर्टने आपला दूरचित्रवाणी कार्यक्रम आजारी जवानांच्या स्वाधीन केला, आठवड्याभरात मंजूर झाले. २ जानेवारी २०११ ला ओबामांनी सही केली. हल्ल्याला नऊ वर्षे उलटून गेली होती. पुढे कर्करोगांचा समावेश २०१२ मध्ये, मुदतवाढ २०१५ मध्ये, पीडितांच्या भरपाई निधीची लढाई २०१९ मध्ये. शेवटच्या दोन्ही वेळी श्वासाच्या नळ्या लावलेली माणसे वॉशिंग्टनला जाऊन बसली आणि दोन्ही वेळी खासदारांना कॅमेऱ्यासमोर हो किंवा नाही म्हणावे लागले.

२०२५ मध्ये कोणालाच काही म्हणावे लागले नाही. कायदा रद्द करायचा तर मतदान हवे, नावे नोंदली जातात, निवडणुकीत विचारणा होते. पदे काढायला एक ईमेल पुरतो. आणि या कार्यक्रमात मोजकी पदे म्हणजे काय, ते त्याची रीत पाहिल्यावर कळते. रुग्णालयातला डॉक्टर निदान करतो, आजार धुळीमुळेच जडला असण्याची शक्यता लिहितो आणि कागद नायॉशकडे पाठवतो. तिथला डॉक्टर तपासून दाखला देतो. दाखला मिळाला की उपचाराचा पैसाही रुग्णाला भरावा लागत नाही. तोवर केमोथेरपीचा खर्च कार्यक्रम सहसा उचलत नाही. एप्रिलमध्ये काढलेल्या या कार्यक्रमाच्या सोळा जणांत हे दाखले देणारे होते. रुग्णालये उघडी, तिजोरीत पैसा, कायदा शाबूत, आणि सही करायला माणूस नाही.

त्याआधी फेब्रुवारीतही नवख्या कर्मचाऱ्यांना काढताना या कार्यक्रमाचे सुमारे पाचवा हिस्सा मनुष्यबळ गेले होते. न्यूयॉर्कच्या दोन्ही पक्षांच्या खासदारांनी आरडाओरडा केल्यावर ते परत आले. एप्रिलमध्येही तेच झाले. हॉवर्ड काही दिवसांत परतले, मेमध्ये केनेडी यांनी नायॉशच्या तीनशेहून अधिक लोकांना परत घेतल्याचे सांगितले. ‘चूक झाली, सुधारली’ असे समर्थकांना म्हणता येईल. सरकारी खाती फुगतात, एकाच कामाला चार कार्यालये असतात, हा त्यांचा मूळ मुद्दाही खोटा नाही. पण फुगलेले खाते कापण्याआधी कोणते पद कोणत्या कायद्याचे हातपाय आहे, एवढे तरी वाचावे लागते. दोन महिन्यांत एकाच कार्यक्रमावर दोनदा कुऱ्हाड पडते आणि दोन्ही वेळा ती मागे घ्यावी लागते, याचा अर्थ कापणाऱ्याने यादी वाचलेली नव्हती.

मराठी वाचकाने हे वाचून अमेरिकेची कीव करण्याचे कारण नाही. भोपाळ जवळ आहे. १९८४ च्या वायुकांडानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने चोवीस अभ्यास हाती घेतले आणि १९९४ मध्ये ते काम आवरते घेतले. विषाचे परिणाम पुढच्या पिढीत कसे उतरतात, हे मोजण्याची वेळ नेमकी तेव्हा येत होती. २०१० मध्ये तिथेच नवी संस्था उभारून पुन्हा सुरुवात करावी लागली. मधल्या सोळा वर्षांची मोजणी आता कोणी आणून देऊ शकत नाही. युनियन कार्बाइड कंपनीच्या समभागांच्या पैशातून वायुपीडितांसाठी भव्य रुग्णालय बांधले गेले, पण तज्ज्ञ डॉक्टरांची रिकामी पदे हा तिथला प्रश्न न्यायालयांपर्यंत जाऊनही सुटता सुटला नाही. तिकडे पद काढून टाकतात, इकडे भरत नाहीत. आकृतिबंधात पद मंजूर, भिंतीवर पाटी आणि खुर्ची रिकामी, हे दृश्य पाहायला आपल्याला भोपाळपर्यंतही जावे लागत नाही. आपल्या पद्धतीत तर बातमीसुद्धा होत नाही, कारण काढलेल्या माणसाला निदान तक्रार करता येते. न नेमलेला माणूस कुठे जाणार?

२०२३ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने नोंदवले, की धुळीच्या आजारांनी गेलेल्या जवानांची संख्या ३४३ झाली. हल्ल्याच्या दिवशीही दलाचे ३४३ च गेले होते. त्यानंतर हा आकडा पुढेच गेला आहे. आणि ॲस्बेस्टॉसचा हिशेब अजून पुरता सुरूही झालेला नाही. त्याच्या धाग्यांमुळे होणारा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, मेसोथेलिओमा, दिसायला बहुधा वीस ते चाळीस वर्षे घेतो. ढिगाऱ्यापासून काही चौक दूर असलेली स्टायव्हेसंट शाळा ९ ऑक्टोबर २००१ ला पुन्हा भरली, तेव्हा शेजारच्याच धक्क्यावर मलबा बोटींवर चढवला जात होता. त्या वर्गांतली मुले आज चाळिशीच्या आसपास आहेत. त्यांतल्या कोणाला हा आजार व्हायचा असेल तर तो बहुधा २०२१ ते २०४१ या काळात दिसणार, आणि तो धुळीचाच आहे हे ठरवायला तेव्हा नायॉशमध्ये डॉक्टर लागणार. काँग्रेसने कायद्यात मुदत घातली, निधी घातला. दाखले देणारे किमान किती डॉक्टर कायम असले पाहिजेत, हा आकडाही आता त्यात घालायला हवा.