खेपेची सवय आणि पगाराची नोकरी

भिलाई म्हणजे पोलादाचे गाव. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून येथील कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. नागपूर-रायपूर हमरस्ता येथूनच जातो. खासगी ट्रकवर उमेदवारी करून युनियन असलेल्या आस्थापनेत कायम नोकरीस लागणे, हे या पट्ट्यातील चालकांचे स्वप्न असते. अशी नोकरी लागलेल्या तरुणांसाठी चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

खासगी ट्रकवर मोबदला बहुधा खेपेच्या हिशेबाने मिळतो. अर्थशास्त्राच्या भाषेत, धंद्यातील जोखीम मालकाकडून चालकाकडे सरकते. फाटकावर चार तास खोळंबा झाला तर नुकसान चालकाचे. ते भरून काढण्यासाठी तो झोप मोडतो, वेग वाढवतो. मासिक वेतनात ही जोखीम व्यवस्थापनाकडे परत जाते. माझ्या मते युनियनची खरी कमाई हीच. पगारवाढीचा क्रम त्यानंतरचा. परंतु नवा चालक जुनी सवय सोबत घेऊन येतो. पाचाऐवजी सहा खेपा करून तो शाबासकी मिळवतो आणि काही दिवसांत सहा खेपा हेच सर्वांचे माप ठरते.

म्हणून पहिली गोष्ट तासांची. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली असली, तरी दिवसाचे आठ तास आणि जादा कामाला दुप्पट दर ही तत्त्वे कायम आहेत. जादा काम केले तर त्याची नोंद लॉगबुकात त्याच दिवशी करावी. तोंडी आश्वासनाला चौकशीत किंमत नसते.

दुसरी गोष्ट वजनाची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. कायदा माल भरायला लावणाऱ्याइतकेच वाहन चालवणाऱ्यालाही जबाबदार धरतो. अशा वेळी नकार द्यावा. तो नम्र, पण लेखी असावा.

तिसरी गोष्ट कागदांची. नियुक्तिपत्र, वेतनचिठ्ठ्या, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आणि युनियनच्या वर्गणीची पावती एका फाइलीत ठेवावी. परिवीक्षेच्या काळात तर विशेष जपावे, कारण त्या काळात संरक्षण सर्वांत कमी असते. मोठ्या आस्थापनेत चौकशीसाठी निलंबन झाल्यास पहिले ९० दिवस निम्मे वेतन निर्वाह भत्ता म्हणून मिळते. मात्र दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याची बाजू कोणत्याही युनियनने मांडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत उपरे नाही. भिलाईला लोहखनिज पुरवत आलेल्या दल्ली राजहराच्या खाणींत कंत्राटी मजुरांची छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ ही संघटना १९७७ मध्ये उभी राहिली. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली तिने मजुरीसाठी लढा दिला, दारूविरुद्ध मोहीम चालवली आणि १९८३ मध्ये कामगारांच्या बळावर शहीद रुग्णालय उभारले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच नियोगींची गोळी घालून हत्या झाली.

चौथी गोष्ट यातूनच निघते. कायम चालकाच्या शेजारी, त्याच रांगेत, कंत्राटदाराचा चालक खेपेवर राबत असतो. त्याला परका मानण्याची चूक अनेक युनियन करतात. पण त्याचे श्रम जितके स्वस्त, तितकी कायम जागा रिकामी झाल्यावर ती न भरण्याचा व्यवस्थापनाला मोह अधिक. कंत्राटी चालकाचे तास आणि त्याचा दर हा विषय युनियनच्या बैठकीत मांडणे, हे नव्या सभासदाच्या स्वतःच्या नोकरीच्याही हिताचे आहे.

वाचकहो, आपल्या नात्यागोत्यातील कोणी अशा नोकरीत रुजू होत असेल, तर पेढ्यांबरोबर एक कोरी फाइलही त्याच्या हाती द्यावी.