शिट्टी नको, वेग आवरा

राई गावाहून भाईंदरमार्गे काशिमिऱ्याला आलेले वाहन घोडबंदर मार्गाला लागले की थोड्याच वेळात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल रस्त्याला भिडते. या रस्त्यावर आणि उद्यान व तुंगारेश्वर अभयारण्य यांच्यामधून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनांच्या धडकेने बिबटे मेले आहेत. यावर बाजारात एक सोपा तोडगा मिळतो. बंपरवर अल्ट्रासोनिक शिट्टी बसवा, माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने जनावरे आपोआप दूर पळतील, असा विक्रेत्यांचा दावा असतो.

दावा कसोटीला उतरलेला नाही. ऑस्ट्रेलियात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा उपकरणाने कांगारूंच्या वागण्यात फरक पडला नाही. अमेरिकेतील जॉर्जियात हरणांवर वेगवेगळ्या कंप्रतेचे आवाज सोडून पाहिले, तरी धडका टळतील असा बदल दिसला नाही. कारणेही उघड आहेत. इतक्या उच्च कंप्रतेचा आवाज हवेत लवकर विरतो. सापांना तो ऐकूच येत नाही. ज्याला ऐकू येतो, ते जनावर घाबरून कोणत्या दिशेला धावेल, याचीही खात्री नाही.

वेगाचा हिशेब मात्र पक्का आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला २२ मीटर कापते, ४० च्या वेगाची ११. प्रकाशझोतात दिपून थबकलेला प्राणी वाचतो तो या फरकामुळे.

वेगाइतकीच रस्त्याची रचनाही महत्त्वाची आहे. विदर्भातील पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वन्यजीवांसाठी नऊ भुयारी मार्ग व पूल बांधले गेले. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांनी त्यांखालून वाघासह १८ प्रजातींचे प्राणी जाताना टिपले. जे विदर्भात झाले, ते मुंबईच्या दाराशी का होऊ नये?

घोडबंदर मार्गावरील गायमुख ते चेणे या पट्ट्यात रात्रीची वेगमर्यादा लावा, ती मोडणाऱ्यांना कॅमेऱ्याने पकडून दंड करा. रस्ता रुंद करायचा असेल तर प्राण्यांचे भुयारी मार्ग मूळ आराखड्यातच धरा आणि जनावरे त्यांकडे वळतील असे कुंपण घाला. मेलेल्या प्रत्येक प्राण्याची जागा व वेळ नोंदवून ती नोंद जाहीर करा. जंगलातून रस्ता आपण नेला आहे. अपघात टाळण्याची जबाबदारी शिट्टी लावून बिबट्यावर ढकलता येणार नाही. ती रस्ता बांधणाऱ्यांनी आणि त्यावरून गाडी हाकणाऱ्या प्रत्येकाने उचलली पाहिजे.