लक्ष्मीपूजन झाले, वहीपूजन कधी?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी रत्नागिरीच्या बाजारात जो फेरफटका मारील, त्याला दुकानादुकानांतून नवी वही पाटावर मांडलेली दिसेल. तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक, हळद, अक्षता. आता कित्येकांचा खरा हिशेब संगणकात असतो, तरी पूजेला वही लागतेच. त्याच वेळी घरोघर आपण काय मांडतो? नाणी, नोटा, फार तर एखादा दागिना. व्यापारी हिशेबाची पूजा करतो आणि आपण पैशाची. म्हणून लक्ष्मी त्याच्याकडे मुक्कामाला राहते आणि आपल्याकडे पाहुणी येते. हे काहींना बोचेल. बोचावे म्हणूनच लिहीत आहे.

वस्तुतः वहीची गरज दुकानापेक्षा आमच्या जिल्ह्यातल्या घरांना अधिक. पगारदाराची चूक पुढची पहिली तारीख झाकून टाकते. आंब्यावर जगणाऱ्या घराची पहिली तारीख वर्षातून एकदाच येते. पावसाळ्यात खते, मोहोर दिसू लागला की फवारण्या, मग राखण, तोडणी, पेट्या, गाडीभाडे असा खर्च महिनोन्महिने चालतो; पैसा मात्र उन्हाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांत यायचा. त्यातून हापूस मोठा लहरी. एका वर्षी भरभरून धरला तर दुसऱ्या वर्षी हात आखडतो. आणि अवकाळी पाऊस काही विचारून येत नाही.

यावर आमचे बागाईतदार बंधू म्हणतात, "जिथे उत्पन्नाचाच भरवसा नाही, तिथे अंदाजपत्रक कसले?" हा युक्तिवाद मला अजब वाटतो. ज्याच्या विहिरीला बारमाही पाणी आहे त्याने एकवेळ मोजू नये; पण जिचा तळ होळीलाच दिसतो, त्या विहिरीच्या धन्याने कळश्या मोजायच्या नाहीत तर कोणी?

शहरातले सल्लागारही आमच्या उपयोगाचे नाहीत. निम्मा पगार गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के शिलकीला, हा 2005 साली एका अमेरिकन पुस्तकाने लोकप्रिय केलेला मंत्र ते आम्हांला ऐकवतात. पगारदारांना तो लखलाभ होवो! आम्ही आरंभ महिन्यापासून नव्हे, वर्षापासून केला पाहिजे. समजा, दलालाची उचल आणि हंगामाचा सारा खर्च फिटून हाती 3 लाख रुपये उरले. पुढच्या मोसमाच्या खतांना आणि फवारण्यांना 90 हजार आधी बाजूला काढा. नाही तर पुन्हा उचल घ्याल, आणि उचल घेतली की माल कोणाकडे पाठवायचा हे ठरवण्याचा हक्कही गेला. गणपती, शाळेची पुस्तके, पावसाआधीची कौले यांना 30 हजार. राहिले 1 लाख 80 हजार, म्हणजे महिन्याला 15 हजार. मे महिन्यात तीन लाखांच्या धन्यासारखा वागणारा माणूस खरे तर पंधरा हजारांचा चाकर असतो! त्यातलेही दोन हजार आखडत्या वर्षासाठी पोस्टात टाकले, तरच तो निर्धास्त झोपेल.

मिळकत वाढली की सारे आपोआप सुरळीत होईल असे ज्यांना वाटते, त्यांनी थिबा राजवाड्याकडे एकदा पाहावे. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा 1886 साली इथे आणला गेला आणि 1916 साली इथेच वारला. त्याला सरकारी तनखा होता, बरोबर आणलेली रत्ने होती. तरी रत्ने विकावी लागली आणि कर्ज झालेच. तनखा अपुरा ही त्याची तक्रार, खर्च अफाट ही सरकारची. दोन्ही खऱ्या असतील. पण खजिन्यालाही तळ असतो, एवढे त्यातून कळावे.

दुसरा आक्षेप असा की, पैपैचा हिशेब लिहिणे हा चिक्कूपणा आहे. मंडळी, आपला हिशेब आजवर लिहिला गेला नाही असे थोडेच आहे? 1982 च्या संपाने मुंबईच्या गिरण्यांचा कणा मोडेपर्यंत कोकणातली कितीतरी घरे मनीऑर्डरवर चालत. त्या घरांत काय शिजले, कोणत्या महिन्यात तेल कमी आले, हे सारे लिहिलेले होते. फक्त ते वाण्याच्या उधारीच्या वहीत! 2016 नंतर फोनवरून पैसे देण्याची सोय झाली. आता वही खिशात आली, पण लिहिणारा अजून दुसराच आहे आणि ती वाचत कोणीच नाही.

वही पैसा पाडत नाही, हे मला मान्य आहे. ज्याला दोन वेळची भ्रांत आहे त्याला काटकसरीचे पाठ देणे हा निर्दयपणा होय. मी बोलते आहे ती ज्यांना मे महिन्यात पैसा दिसतो आणि श्रावणात दिसत नाही त्यांच्याविषयी.

आणि आता खरे दुखणे सांगते. मी बागाईतदाराची सून. आमच्याकडे बायका आढी लावतात, आंबा निवडतात, पेट्या भरतात. पण विक्रीची पट्टी आली की ती पुरुषांच्या खिशात जाते. किती आले हे जिला ठाऊक नाही, तिच्याकडून "जपून खर्च कर" ही अपेक्षा! अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे, पण अंथरूण दाखवा तरी! पुष्कळ घरांत कर्जाची वार्ता गृहिणीला कळते ती दागिना मागितला जातो तेव्हा.

तेव्हा आरंभ साधा करावा. शंभर पानी वही आणावी, ती कुलपात नव्हे, स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवावी. पहिला महिना काही कमी करू नये, नुसते लिहावे. भाजी, औषध, विडी, देणगी, सगळे. पहिल्या पानावर मात्र वर्षाची जमा आणि वर्षाचे देणे लिहावे, आणि ते घरातल्या शाळकरी पोरासही वाचता यावे.

पाडव्याला व्यापारी नव्या वहीत पहिली ओळ लिहितो. त्याच दिवशी आपण नवऱ्याला ओवाळतो आणि तो तबकात काहीतरी घालतो. बायांनो, यंदा साडी मागू नका. तबकात पट्टी मागा.