एका छत्रीखाली दोन टीव्ही



गेल्या महिन्यात साताऱ्याला आमच्या घरी मोठी सभा भरली होती. विषय एकच : घरात दुसरा टीव्ही घ्यायचा का? मागणी होती आजींची, म्हणजे माझ्या सासूबाईंची. गुडघे दुखतात म्हणून त्यांना जिना चढवत नाही आणि टीव्ही आहे माडीवर. "तुम्ही सगळे वर हसता, ते मला खाली ऐकू येतं," त्या म्हणाल्या. यावर कोण काय बोलणार?

टीव्हीच खाली आणू म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "नको गं, माझं कीर्तन आणि पोरांची कार्टून भांडत बसतील."

माझा सातवीतला मुलगा लगेच पुढे सरसावला. "सोपं आहे! वायर कापायची आणि दोन फाटे काढायचे."

खरंच इतकं सोपं आहे का? चला, बघू या.

केबलची वायर असेल तर फाटा काढता येतो. त्यासाठी स्प्लिटर नावाची लहानशी डबी मिळते. पण एका नळाला दोन तोट्या लावल्या की प्रत्येकीला पाणी कमी येतं ना, तसंच इथंही. प्रत्येक फाट्याला निम्म्याहून थोडा कमीच सिग्नल मिळतो. तुमच्या आईबाबांच्या लहानपणी सिग्नल कमी पडला की पडद्यावर मुंग्या दिसायच्या. आता चित्राचे चौकोन होतात किंवा ते थिजून जातं. शिवाय प्रत्येक टीव्हीला वेगळा सेट-टॉप बॉक्स लागतो, तो वेगळाच.

आमच्याकडे मात्र गच्चीवर डिशची छत्री आहे. तिची गंमत आणखी निराळी. सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी ती गोळा करते. छत्रीसमोरच्या दांडीवर एक लहान डबा असतो, त्याला एलएनबी म्हणतात. लहरी उभ्या आणि आडव्या अशा दोन तऱ्हांच्या येतात. कुठल्या हव्यात, हे सेट-टॉप बॉक्स त्या डब्याला वायरीतूनच सांगतो : १३ व्होल्ट म्हणजे उभ्या, १८ व्होल्ट म्हणजे आडव्या. आता एकाच वायरीवर दोन बॉक्स बसवले आणि एकानं उभ्या, दुसऱ्यानं आडव्या मागितल्या, तर बिचाऱ्या डब्यानं कुणाचं ऐकायचं? म्हणून दोन तोंडांचा एलएनबी घ्यायचा आणि दोन स्वतंत्र वायरी खाली आणायच्या. छत्री तीच राहते, बरं का!

तिसरा मार्ग म्हणजे बॉक्स एकच ठेवून त्याचं चित्र दोन्ही टीव्हींवर दाखवायचं. यात खर्च कमी. पण माडीवर कार्टून, तर खालीही कार्टूनच! आणि चॅनेल बदलायला आजींना पुन्हा जिना चढावा लागणार. मग काय उपयोग?

म्हणजे आमच्यासाठी दोन तोंडांचा एलएनबीच बरा. हे ठरल्यावर मुलगी म्हणाली, "मग आमच्या खोलीतही तिसरा घ्या!"

तेव्हा मी त्यांना सांगली जिल्ह्यातली एक गोष्ट सांगितली. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. करोनाच्या काळात शाळा बंद होत्या, अभ्यास मोबाइलवर चालायचा. शाळा उघडल्या, तरी मुलांचं लक्ष पडद्यावरून हटेना. मग गावानं ठरवलं आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घराघरातले टीव्ही आणि मोबाइल बंद! मुलं अभ्यासाला बसायची, मोठी माणसं वाचायची, एकमेकांशी बोलायची. साडेआठला पुन्हा भोंगा. सुरुवातीला लोकांना हे जमेल असं वाटत नव्हतं. पण अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन सांगत राहिले.

ऐकून सगळे गप्प. मग आजीच म्हणाल्या, "आपणही सात ते साडेआठ दोन्ही टीव्ही बंद ठेवू."

"आजी, पण तुझी आठची मालिका?"

"ती दुसऱ्या दिवशी दुपारी परत लागते. मला काय शाळा आहे?"

तिसऱ्या टीव्हीचा विषय तिथंच संपला. आता आजी दुपारी आपल्या खोलीत खुशाल कीर्तन पाहतात. आणि सात वाजले की दप्तरं घेऊन पोरं माडीवरून खाली येतात. आमचा भोंगा म्हणजे आजींची हाक!

तर या रविवारी एक काम करा. आपल्या घराचा नकाशा काढा. टीव्ही कुठं आहे, वायर कुठून येते, हे दाखवा. (गच्चीवर छत्रीला हात लावायला मात्र जायचं नाही हं, ते काम मोठ्यांचं.) मग घरातलं कोण कुठं बसतं, ते लिहा. हसण्याचा आवाज नुसता ऐकू येतो, असं कुणी एकटं त्या नकाशात सापडतंय का, तेही नीट बघा.

तुमची,
बाई