'खानोलकर' : एका विरळ आडनावाचे वाचन

ग्रंथालयाच्या मराठी विभागात 'खानोलकर' या नावाखाली दोन अगदी भिन्न प्रकृतीची पुस्तके एकमेकांशेजारी येतात. एकीकडे गं. दे. खानोलकर यांचे 'अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक' : लेखकांच्या आयुष्याचे तपशील चिकाटीने गोळा करणारी चरित्रमाला. दुसरीकडे चिं. त्र्यं. खानोलकर यांच्या 'रात्र काळी, घागर निळी', 'कोंडुरा', 'चानी' या कादंबऱ्या, ज्यांत तपशिलापेक्षा भयाला आणि दैवाला अधिक जागा आहे. हे दोघे एकमेकांचे कोण, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. प्रश्न भाबडा वाटला तरी आम्हांला तो महत्त्वाचा वाटतो. दोन शिरोडकर किंवा दोन सावंत शेजारी आले, तर तो कुणी विचारत नाही. आडनाव विरळ असले की त्यामागे एकच घर असावे, असे आपण गृहीत धरतो.

या गृहीतकाची तपासणी करावी, एवढ्यासाठी हे टिपण. आमच्या समीक्षेत लेखकाचे आडनाव हा नकळत पुरावा होऊन बसतो. त्यावरून प्रदेश ठरतो, प्रदेशावरून जात, जातीवरून संस्कार आणि संस्कारांवरून थेट कवितेचा अर्थ. आमचे मत असे की आडनाव काही निश्चित सांगते, पण फार थोडे सांगते. आणि जे ते सांगते ते आपण सहसा ऐकत नाही.

खानोलकर म्हणजे खानोलीचा. खानोली हे वेंगुर्ले तालुक्यातील गाव. या तालुक्याचा नकाशा समोर ठेवला तर तो मराठी वाङ्मयाच्या आणि सार्वजनिक जीवनाच्या नामसूचीसारखा दिसतो. केळूसपासून केळुसकर, मातोंडपासून मातोंडकर, परुळ्यापासून परुळेकर, म्हापणपासून म्हापणकर, रेडीपासून रेडकर, दाभोलीपासून दाभोलकर. शेजारच्या कुडाळ तालुक्यात तेंडोलीपासून तेंडोलकर, आणि त्याचेच तेंडुलकर.

या नावांची घडण पाहण्यासारखी आहे. व्यंजनान्त उच्चाराच्या गावनावाला 'कर' सरळ लागतो : मातोंड, मातोंडकर. अखेरचा 'ए' टिकतो : परुळे, परुळेकर, वेंगुर्ले, वेंगुर्लेकर. मात्र अखेरची 'ई' गळून पडते : खानोली, खानोलकर, रेडी, रेडकर, दाभोली, दाभोलकर. आज नव्याने असा शब्द घडवायचा झाल्यास आपण ती 'ई' गाळत नाही. कणकवलीत राहणाऱ्याला आपण 'कणकवलीकर' म्हणतो, रत्नागिरीत राहणाऱ्याला 'रत्नागिरीकर'. याचा अर्थ, खानोलीत आज राहणाऱ्यास 'खानोलीकर' म्हणता येईल. 'खानोलकर' हा त्याहून वेगळा शब्द आहे. पहिला माणसाचा पत्ता सांगतो, दुसरा त्याच्या वंशाचा. गळलेल्या त्या एका स्वरात पत्ता जुना झाल्याची खूण आहे.

अर्थाची चर्चा येथेच सुरू होते आणि आमच्या मते येथेच थांबायला हवी. हौशी व्युत्पत्तिकार 'खान' या अक्षरांवर लगेच झडप घालतो. कुणाला त्यात खानसाहेब दिसतो, कुणाला खाण. 'ओली' आणि 'वली' ही शेपटी कोकणातील अनेक गावनावांना आहे. वस्ती या अर्थाच्या संस्कृत 'पल्ली'शी तिचे नाते जोडले जाते, आणि ते पटण्यासारखे आहे. पण समजा, 'खान'चे मूळही उद्या एखाद्या ताम्रपटात निर्विवाद सापडले. तरी तो अर्थ गावाच्या नावाचा असेल, आडनावाचा नव्हे. ज्याने पहिल्यांदा 'खानोलकर' म्हणून सही केली त्याच्या मनात खाणही नव्हती आणि खानही नव्हता. त्याच्या मनात गाव होते. आडनावाचा अर्थ धातूत शोधणे म्हणजे पत्त्यावरील गल्लीच्या नावाचा समास सोडवत बसणे. पत्र त्याने पोहोचत नाही.

मग हे नाव पहिल्यांदा घेतले कुठे असेल? गावात खचितच नव्हे. जिथे सगळेच खानोलीचे, तिथे 'खानोलीचा' म्हणून कुणाला ओळखता येत नाही. तिथे माणूस वाडीने, घराच्या नावाने, बापाच्या नावाने ओळखला जातो. गावाचे नाव अंगाला चिकटते ते गाव सोडल्यावर, आणि चिकटवतात ते परके. वेंगुर्ले हे त्या दृष्टीने अर्थपूर्ण ठिकाण आहे. सतराव्या शतकात येथे डचांनी वखार घातली. १८१२ साली सावंतवाडीकडून हे बंदर इंग्रजांकडे गेले. पुढे मुंबई आणि गोवा यांच्या दरम्यान ये-जा करणाऱ्या आगबोटींचा हा थांबा झाला. माणसे पडावातून आगबोटीपर्यंत जात आणि मुंबईस उतरत. शाळेचा पट, कचेरीचे दफ्तर, गिरणीचे मस्टर, पलटणीची यादी : या प्रत्येक ठिकाणी 'कोण तू' याला एक लेखी आणि कायमचे उत्तर द्यावे लागे. 'कर' लावलेल्या नावांना पक्केपणा आला तो अशा कागदांवर. म्हणून अशा आडनावाचा खरा अर्थ 'तेथे राहणारा' असा नाही. 'तेथून निघालेला' असा आहे.

विरळपणाचेही कारण यातच आहे. परब, सावंत, राऊळ, नाईक ही नावे कुळाची, मानाची किंवा अधिकाराची. ती शेकडो गावांत स्वतंत्रपणे उपजली आणि म्हणून उदंड आहेत. खानोलकर हे नाव एका लहानशा गावाबाहेर उपजूच शकत नव्हते. उगम एकच आणि तोही बारीक, तर प्रवाह रुंद कसा होणार? मात्र एक सावधगिरी हवी. उगम एक म्हणजे घर एक, असे नाही. एकाच गावातून वेगवेगळ्या काळी निघालेली, एकमेकांशी रक्ताचे नाते नसलेली, वेगवेगळ्या जातींची कुटुंबे तेच नाव लावू शकतात, आणि कोकणात तसे सर्रास घडले आहे. वर्गातील त्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर म्हणून एवढेच देता येते : दोघांच्या पूर्वजांनी कधीतरी एकच वेस ओलांडली होती; याहून अधिक आडनाव सांगत नाही.

शिवाय गावनावही नेहमी एकमेव नसते. शिरोडा वेंगुर्ले तालुक्यात आहे, तसा तो गोव्यातील फोंड्याकडेही आहे; शिरोडकर कोणत्या शिरोड्याचा हे नावावरून कळत नाही. दाभोलीचा तो दाभोलकर आणि दापोलीजवळच्या दाभोळ बंदराचा तो दाभोळकर. दोहोंत अंतर एका 'ळ'चे. इंग्रजी लिपीत तेही पुसले जाते, आणि तिथून परत मराठीत आणताना आपण बिनदिक्कत चुकतो.

जातीचा मुद्दा येथे टाळून चालणार नाही, कारण आडनावाच्या चर्चेत बहुतेकांना ऐकायचे असते ते तेच. 'कर' हा प्रत्यय जात सांगत नाही. ते त्याचे मोठे सामाजिक मोल आहे. केळूसचे कृष्णराव अर्जुन केळुसकर मराठा समाजातले; शिवचरित्रकार आणि बुद्धचरित्रकार. १९०७ साली मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या भीमराव आंबेडकरांना त्यांनी आपले १८९८ साली प्रसिद्ध झालेले बुद्धचरित्र भेट दिले. हा प्रसंग सुपरिचित आहे. पण त्यातील नावांकडे आपण लक्ष देत नाही. देणाऱ्याच्या नावात केळूस होते. घेणाऱ्याच्या नावामागे मंडणगड तालुक्यातील आंबडवे होते. घराण्याचे कुळनाव सकपाळ, शाळेत लागलेले नाव गावावरून. जातीच्या उतरंडीत दूरदूर ठेवलेली दोन घराणी त्या दिवशी एकाच व्याकरणाने बांधलेली नावे घेऊन समोरासमोर उभी होती. कुळनाव बाजूला ठेवून गावाचे नाव घेण्याने जात नाहीशी झाली नाही, हे कुणी सांगायला नको. पण निदान नाव उच्चारताच ती समोरच्याच्या हाती पडत नाही, एवढी फट 'कर'ने ठेवली. आजचा समीक्षक जेव्हा आडनावावरून जात ओळखण्याची शर्यत लावतो, तेव्हा तो हीच फट बुजवत असतो.

आता पुन्हा चिं. त्र्यं. खानोलकरांकडे. १९३० साली त्यांचा जन्म झाला तो वेंगुर्ल्याजवळील बागलांची राई येथे, खानोलीत नव्हे. आडनाव एका गावाचे, जन्म दुसऱ्या जागी, पुढचे काही आयुष्य कुडाळात, मग मुंबईत. म्हणजे त्यांच्यापुरते ते नाव आधीच जुना पत्ता झाले होते. आणि कवितेसाठी त्यांनी तेही उतरवून ठेवले. 'जोगवा', 'दिवेलागण', 'नक्षत्रांचे देणे' ही 'आरती प्रभू' यांची. कादंबऱ्या आणि 'एक शून्य बाजीराव'सारखी नाटके खानोलकरांची. १९७६ साली ते गेले. 'नक्षत्रांचे देणे'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार १९७८ साली, मरणोत्तर मिळाला.

या टोपणनावाविषयी बोलताना 'आरती' या स्त्रीनामाची चर्चा फार होते, 'प्रभू'ची मुळीच होत नाही. कुडाळदेशकर घराण्यांत 'प्रभु' हे उपपद गावनावाच्या आधी लावण्याची रीत आहे : प्रभुतेंडोलकर, प्रभुखानोलकर. त्या रीतीने पाहिले तर 'प्रभू' हा शब्द खानोलकर या नावाला परका नाही. तो त्याचाच गळालेला पूर्वार्ध ठरतो. कवीने हे हेतुपुरस्सर केले, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणण्यास आधार नाही. पण नावाचा इतिहास ठाऊक असला तर एक गोष्ट दिसते : गद्यासाठी गावाचे नाव राहिले, कवितेसाठी गाव गळाले आणि मानाचे उपपद तेवढे उरले. 'आरती प्रभू' हे नाव हवेतून आले, असे मानण्याची मग गरज राहत नाही.

आडनावावरून वाङ्मयाचा भूगोल काढू पाहणाऱ्यांनी आणखी एक तुलना करून पाहावी. जयवंत दळवी यांच्या नावात गाव नाही. तरी आरवलीच्या माणसांविषयी 'सारे प्रवासी घडीचे' लिहिले त्यांनी. मंगेश पाडगांवकर यांच्या नावात पाडगाव आहे. जन्म मात्र वेंगुर्ल्याचा. वि. स. खांडेकर सांगलीत गणेश आत्माराम म्हणून जन्मले, दत्तक जाऊन विष्णू सखाराम झाले. स्वतःचे आणि वडिलांचे नाव बदलले, आडनाव तेच राहिले, आणि १९२० ते १९३८ ही वर्षे शिरोड्याच्या शाळेत गेली. खानोलकरांनी तर गाव घेतले ते आडनावाबाहेर : 'कोंडुरा' हे वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील जागेचे नाव, ते कादंबरीचे शीर्षक झाले. लेखकाचा प्रदेश शोधायचा तर तो त्याच्या पुस्तकात शोधावा, सहीत नव्हे.

या नावाचा सर्वांत दूरचा प्रवास मात्र वाङ्मयाबाहेर घडला. पेशीविकृती, कर्करोग आणि कुष्ठरोग यांवरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर हे एक. त्यांच्याहूनही विलक्षण उदाहरण सावित्री खानोलकर यांचे. १९१३ साली स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे त्यांचा जन्म झाला. वडील हंगेरियन, आई रशियन, जन्मनाव ईव्ह इव्हॉन. भारतीय लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी १९३२ साली विवाह करून त्या सावित्री खानोलकर झाल्या. परमवीर चक्राचे संकल्पन त्यांचे. इंद्राच्या वज्राची आकृती त्यांनी त्यात योजिली. युरोपात जन्मलेल्या एका स्त्रीने भारताच्या सर्वोच्च युद्धसन्मानाला आकार दिला, आणि तिची ओळख नोंदली गेली ती वेंगुर्ल्याकडच्या एका गावाच्या नावाने.

येथे आमचा सगळा युक्तिवाद कसोटीला लागतो. 'तेथून निघालेला' हा आडनावाचा अर्थ आम्ही वर सांगितला, तो सावित्रीबाईंना लागू पडत नाही. त्या खानोलीतून निघाल्या नव्हत्या. त्या या नावात आल्या. आणि हे केवळ परदेशी स्त्रीचे अपवादात्मक उदाहरण नाही. खानोलीत जन्मून परुळ्यास दिलेली मुलगी परुळेकर होते, आणि परुळ्याहून आलेली खानोलकर. म्हणजे गावातून प्रत्यक्ष निघालेल्या निम्म्या माणसांच्या नावात ते गाव टिकलेच नाही. आडनावांचे आमचे सारे वंशवृक्ष पुरुषांच्या वाटेने काढलेले आहेत, आणि विरळ आडनावाचा विरळपणाही काही अंशी या हिशेबाचा परिणाम आहे. मुलींची मोजणी त्यात धरली, तर खानोलीचे किती जण कुठे आहेत याचे चित्र निराळेच दिसेल.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच. लेखकाचे आडनाव जरूर वाचावे. पण जुन्या पत्त्यासारखे वाचावे. पाकिटावरचा पत्ता पाहून पत्र कुठून निघाले याचा अंदाज येतो. आत काय लिहिले आहे ते कळण्यास पाकीट उघडावे लागते. ग्रंथालयाच्या फळीवर ते दोन खानोलकर असेच शेजारी राहोत. वर्णक्रमाने त्यांना एकत्र आणले आहे, नात्याने नव्हे; आणि दोघांना एका नावाने ओळखण्याची सवय सोडून दोघांची पुस्तके वेगवेगळी काढून वाचण्याचे काम आपले आहे.