होडी नवी की जुनी?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीपाशी जे बोलणे निघते ते बहुधा वेतनाचे, ठेकेदाराचे आणि भट्टीच्या धगीचे असते. गेल्या महिन्यात मात्र एका साथीने निराळाच प्रश्न पुढे टाकला. हा साथी पोलाद कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. त्याचा थोरला भाऊ पैठणकडे नाथसागरात मासेमारी करतो. भावाची होडी निकामी झाली असून सध्या तो जीव मुठीत धरून थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळे टाकतो. दोघा भावांनी मिळून काही शिल्लक जमवली आहे. तेवढ्यात नवी होडी घ्यावी की कोणाची वापरलेली, असा त्याचा प्रश्न होता. जमलेल्यांनी एकमुखाने "नवीच घ्या" असे सांगितले. हा सल्ला आपुलकीचा होता, परंतु माझ्या मते तो चुकीचा होता.

नव्या होडीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तिचा तळ भक्कम असतो, पहिली काही वर्षे दुरुस्तीला पैसा लागत नाही, आणि गरिबाने आयुष्यभर दुसऱ्याचे टाकलेलेच का वापरावे हा प्रश्न तर कोणाही समाजवाद्याच्या काळजाला भिडणारा आहे. पण शिल्लक पुरत नसेल तर उरलेली रक्कम कोठून येते, हे कोणी विचारले नाही. ती बहुतेक वेळा मासळीच्या व्यापाऱ्याकडून उचल म्हणून येते. आणि उचल देणारा व्याज मागत नाही, तो मासळी मागतो, तीही स्वतःच्या भावाने.

केवळ हिशेबासाठी काही आकडे धरू. समजा नवी होडी एक लाखाची आहे आणि घरात चाळीस हजार आहेत. साठ हजारांची उचल घेतली आणि व्यापाऱ्याने किलोमागे बाजारापेक्षा दहा रुपये कमी दिले. वर्षाला दोन हजार किलो मासळी निघाली, तर वीस हजार रुपये घरात येण्याआधीच गेले. तीन वर्षांत साठ हजार गेले, आणि मूळची उचल वहीत जशीच्या तशी उभी आहे! होडी कागदोपत्री मच्छीमाराची राहते. प्रत्यक्षात तो आपल्याच होडीवर दुसऱ्याचा मजूर होतो. वसाहतीतील कामगाराला ही पद्धत नवी नाही. ठेकेदाराकडून उचल घेतलेल्या माणसाला दुसऱ्या दारी काम मागता येत नाही, हे तो रोज पाहतो.

त्यातून आपला मुलूख मराठवाडा. १९७६ साली जायकवाडीचे लोकार्पण झाले आणि सुमारे १०२ टीएमसी क्षमतेचा जलाशय उभा राहिला. त्यासाठी शंभरावर गावांच्या जमिनी गेल्या. पण हा सागर नावाचाच सागर आहे. २०१३ च्या उन्हाळ्यात त्याचा उपयुक्त साठा शून्यावर आला. २०१६ आणि २०१९ मध्येही तीच गत झाली. अशा वर्षी होडी चिखलात पडून राहते, पण कर्जाचा हप्ता दुष्काळ ओळखत नाही. ज्याची होडी जुनी आणि बिनकर्जाची आहे, तो अशा वर्षी वसाहतीत येऊन मजुरी करतो आणि पाणी आले की परत जातो. कर्ज करून नवी घेतलेला मात्र होडी विकून बसतो, आणि तीच होडी पुढच्या वर्षी कोणाला तरी "वापरलेली" म्हणून मिळते.

म्हणून माझे मत असे की, हाती असलेल्या पैशांत बसणारी, नीट पारखून घेतलेली जुनी होडी ही उचल घेऊन केलेल्या नव्या होडीपेक्षा बरी. मात्र सगळी शिल्लक खरेदीत ओतू नये. निदान पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा.

यात खरा धोका पारख न करण्यात आहे. भंगारातून बंद नळी किंवा ओला तुकडा भट्टीत गेला तर काय होते, हे जालन्याच्या कामगाराला शिकवावे लागत नाही. तपासणीचा खर्च वाचवतो एक आणि भाजतो दुसरा. होडीच्या बाबतीत तो दुसरा बुडतो. पत्र्याच्या होडीचा तळ हातोडीने ठोकून पाहावा. निरोगी पत्रा खणखणतो, गंजाने खाल्लेला बद्द वाजतो. पाण्याच्या रेषेलगतचे सांधे विशेष पाहावेत. लाकडी होडीच्या तळफळीत टोच्या रुतवून पाहावा, फायबरच्या होडीला फुगवटे वा मऊ पडलेले भाग आहेत का ते चाचपावे. विक्रीच्या तोंडावर दिलेल्या ताज्या रंगाला भुलू नये. शेवटी वजन भरून होडी एक रात्र पाण्यात ठेवावी आणि सकाळी आत किती पाणी शिरले ते पाहावे. पत्र्याच्या होडीला भंगाराचा भाव तरी कायम असतो. मोडक्या फायबरला कोणी विचारत नाही. विकणाऱ्यावर त्या होडीपोटी कोणाचे देणे नाही ना, याची संस्थेत चौकशी करून लेखी पावती घ्यावी.

आता हे काम कोणी करावे? पाणी मच्छीमार ओळखतो, लोखंड कामगार ओळखतो. आपल्या वसाहतीत वेल्डिंग आणि पत्राकामात आयुष्य घालवलेले साथी आहेत. सुटीच्या दिवशी त्यांतील दोघे पैठणला गेले आणि होडी पाहून आले, तर एका कुटुंबाचे पैसेच नव्हे तर प्राणही वाचतील. श्रमिकांच्या एकजुटीवर आपण ठराव पुष्कळ केले. हा तिचा साधा व्यवहार आहे.

मग गरिबाने कायम जुन्यावरच भागवावे काय? मुळीच नाही. २०२० साली सुरू झालेल्या मत्स्यसंपदा योजनेने सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान ठेवले. भोई, कहार हे आपल्या राज्यात भटक्या जमातींत मोडतात. त्यांच्या वाट्याला ४० टक्केच येतात. होडी घरातील स्त्रीच्या नावे केली तर ६० टक्के! जी मासळी निवडते आणि बाजारात बसून विकते, तिचे नाव कागदावर यावे हे न्यायाचेही आहे. पण उरलेला हिस्सा आधी उभा करायला सहकारी संस्थेचे स्वस्त कर्ज नसेल, तर अनुदानाची वाटही व्यापाऱ्याच्या ओटीवरूनच जाते.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय केला. तो खरा असेल तर जलाशय कोरडा पडेल त्या वर्षी होडीचा हप्ताही थांबला पाहिजे, आणि जुन्या होडीच्या खरेदीलाही संस्थेमार्फत कर्ज मिळाले पाहिजे. या दोन मागण्या घेऊन आपण मच्छीमार संस्थांच्या दारी गेले पाहिजे.

तोवर त्या साथीला माझे सांगणे एवढेच: भावाला तराफ्यावरून लवकर उतरव. होडी जुनी चालेल. तिच्यातली मासळी मात्र त्याची स्वतःची असली पाहिजे.