हे सूत्र कशावरून?

इथेनॉलचे रचनासूत्र माझ्या वर्गातली मुले धडाधड लिहितात, 'कशावरून?' म्हटले की गप्प! दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन एवढ्याच भांडवलावर डायमिथिल ईथरही बनते. मग बाटलीतले द्रव्य कोणते?

हायड्रोजनचे अणुकेंद्र, म्हणजे प्रोटॉन, हा चिमुकला चुंबकच. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात तो ठराविक कंप्रतेच्या रेडिओलहरी शोषतो. भोवतालच्या इलेक्ट्रॉनांमुळे ही कंप्रता किंचित सरकते. दहा लाखांत काही भाग, एवढीच! पण तेवढ्याने काम होते. १९५१ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्नोल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड यांना इथेनॉलची तीन शिखरे वेगळी दिसली. त्यांची क्षेत्रफळे ३:२:१. टोकाच्या कार्बनवर तीन प्रोटॉन, मधल्यावर दोन, ऑक्सिजनला चिकटलेला एक. ईथरचे सहाही सारखे, म्हणून शिखर एकच. (यांतले धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले.)

यंत्र महागडे, शाळेत येणार नाही, हे मान्य. पण तीन शिखरे फळ्यावर खडूने काढता येतात. शिक्षकहो, पुढच्या वेळी सूत्र आधी सांगू नका. शिखरे काढा, नि सूत्र मुलांना शोधू द्या.